थोर लेखकाच्या बायकोवर कादंबरी कशी लिहावी

नायिका निवडताना आधी एवढं बघा, की नवरा बराच काळ घराबाहेर होता का? तो घरात असला की प्रत्येक प्रसंग तोच खाऊन टाकतो. सत्यभामाबाई टिळकांचंच घ्या. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. टिळक सुटले १९१४ साली, ग्रंथ छापून आला १९१५ साली. नवऱ्याचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ तिने पाहिलाच नाही. कादंबरी आहे ती इथे.

आता वहीत दोन रकाने आखा, डावीकडे त्याच्या तारखा, उजवीकडे तिच्या. डावा रकाना तासाभरात भरेल. उजव्यात लग्न, बाळंतपणं, मुंजी, आजारपणं, थोरल्या विश्वनाथचा प्लेगने झालेला मृत्यू एवढंच येईल. बाकीची जागा त्याच्या भाषणांनी भरू नका. जुन्या कागदांत तिथी आणि शक असतो. शकात ७८ मिळवा. जानेवारी लागल्यापासून फाल्गुन अखेरपर्यंत मात्र ७९.

मग घर गोळा करा. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात जा, पण तलवारींपाशी रेंगाळू नका. अडकित्ते, दिवे आणि वज्र्या बघा. पितळी वज्रीचा तळ खरबरीत, वर धरायला मूठ, मुठीवर एखादा मोर नाहीतर हत्ती. न्हाणीघरात टाचा घासणारी बाई तेवढा वेळ एकटी असते. माणसांनी गजबजलेल्या वाड्यात तिला मनाशी काही बोलायला लावायचं, तर तिथेच. माजघरात ते शोभणार नाही.

त्या काळातल्या बायकांचं बोलणं कानात बसण्यासाठी रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचा. इंग्रजी शिकते म्हणून घरातल्याच बायकांनी त्यांना कसं बोलून घेतलं ते त्यात आहे. नायिकेच्या तोंडी नवऱ्याचं नाव येऊ देऊ नका. ‘इकडून जेवणं झालं का?’ एवढं पुरे.

पहिला प्रसंग छोटा घ्या. संक्रांतीचे दिवस, नवरा समुद्रापलीकडे तुरुंगात आणि शेजारून हळदीकुंकवाचं बोलावणं आलंय. ती जाते का? गेली तर बायका तिच्याशी जरा जास्तच गोड बोलतात का? उत्तर कुठल्याच चरित्रात शोधू नका, ते तुम्हीच रचायचं आहे. फक्त तिच्या तोंडी आजचं भाषण घालू नका. असल्या कादंबऱ्या बहुतेक इथेच फसतात. बाई चुलीपुढून उठते ती थेट व्यासपीठावरच उभी राहते! रुसवा, देवाला बोललेला नवस, न जेवता झोपणं, तिचा निषेध असाही होऊ शकतो.

खर्डा झाला की वाड्यात वाढलेल्या एखाद्या आजींना वाचून दाखवा. सोवळ्यातल्या बाईने कुठे शिवायचं नाही, हे त्या दोन मिनिटांत सांगतील.

शेवटी मनोगत लिहा. कोणत्या तारखा खऱ्या, कोणती पात्रं आणि पत्रं कल्पित, हे त्यात स्पष्ट सांगा. खऱ्या घराण्यावर लिहिताय, तेव्हा यात काटकसर नको. मनोगत पुस्तकाच्या शेवटी छापा. सुरुवातीला छापलंत तर वाचक पानोपानी खरं-खोटं पडताळत बसेल.