पोच हवी की नको? सभागृहासाठी एलई ऑडिओ निवडताना

सभागृहात श्रवणयंत्र वापरणाऱ्या प्रेक्षकांसाठी किंवा दुभाष्याचा आवाज पोचवण्यासाठी ब्लूटूथची सोय करायची असेल, तर यंत्रे विकत घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे. आपण पाठवलेले प्रत्येक पॅकेट, म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा, ऐकणाऱ्याला मिळाले की नाही, याची पोच आपल्याला हवी आहे का? एलई ऑडिओ ही ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत आहे. तिच्यातील दोन मार्ग, म्हणजे कनेक्टेड (जोडणी करून) आणि ब्रॉडकास्ट (सर्वांसाठी एकच प्रसारण), याच प्रश्नापाशी वेगळे होतात.

हे दोन्ही मार्ग ब्लूटूथच्या 5.2 आवृत्तीत आले आणि दोन्हींत आवाजाची माहिती एलसी3 या कोडेकने, म्हणजे ती कमी जागेत बसवणाऱ्या पद्धतीने, आकसली जाते. कनेक्टेड प्रवाहात पाठवणारा आणि ऐकणारा यांची आधी जोडणी होते, पॅकेट पोचले की उलट पोच येते आणि ती आली नाही तर ठरलेल्या मुदतीत तेच पॅकेट पुन्हा पाठवले जाते. ब्रॉडकास्टमध्ये पोच नसतेच. प्रत्येक पॅकेट ठरावीक वेळा आंधळेपणाने पुन्हा पाठवले जाते आणि किती जण ऐकत आहेत, हे पाठवणाऱ्या यंत्राला कळत नाही. सार्वजनिक ठिकाणच्या या सोयीला ‘ऑराकास्ट’ हे नाव 2022 साली मिळाले.

श्रोते किती, हे आधी मोजावे. चोवीस किलोहर्ट्‌झचा एकमार्गी (मोनो) आवाज दर दहा मिलिसेकंदांना साठ बाइटांच्या पॅकेटात बसतो. सेकंदाला दोन मेगाबिटच्या वेगाने असे पॅकेट हवेत साधारण 300 मायक्रोसेकंद राहते. त्यात पोच आणि मधल्या 150 मायक्रोसेकंदांच्या दोन विरामांची भर घातली, की एका प्रयत्नाला सुमारे 645 मायक्रोसेकंद लागतात. मूळ पॅकेट आणि दोन फेरप्रयत्न यांसाठी जागा राखून ठेवली, तर एका श्रोत्यामागे जवळजवळ दोन मिलिसेकंद जातात, म्हणजे पाचव्या श्रोत्यापाशीच दहा मिलिसेकंद संपत आले. ब्रॉडकास्टमध्ये तीन वेळा पाठवूनही दीड मिलिसेकंदाच्या आतच काम होते, मग समोर पाच जण असोत की पाचशे. म्हणून सभागृहासाठी, निदान माझ्या मते, ब्रॉडकास्टखेरीज दुसरा विचार करण्याची गरज नाही.

याउलट घरात एकट्या आजोबांना दूरचित्रवाणी ऐकायची असेल आणि त्याच श्रवणयंत्रावर फोनही घ्यायचा असेल, तर कनेक्टेडच घ्यावे. फोनवर बोलायचे म्हणजे आवाज दोन्ही दिशांनी जायला हवा आणि ब्रॉडकास्टमध्ये परतीची वाटच नसते.

विलंबाकडे मात्र विक्रेते सहसा दुर्लक्ष करतात. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे ध्वनिवर्धकापासून बारा मीटरवर बसलेल्या माणसाला तो साधारण 35 मिलिसेकंदांनी ऐकू येतो. ब्रॉडकास्ट 24 किलोहर्ट्‌झवर ठेवताना कमी विलंबाच्या मांडणीत वहनासाठी दहा मिलिसेकंद आणि अधिक भरवशाच्या मांडणीत साठ मिलिसेकंद धरले जातात. त्यावर आवाज सादर करण्याचा, म्हणजे यंत्राला मिळालेला आवाज कानात वाजेपर्यंतचा, विलंब येतो, जो अनेकदा चाळीस मिलिसेकंद ठेवलेला असतो. श्रवणयंत्र कानात असले तरी हवेतून येणारा मूळ आवाज बऱ्याच जणांना थोडाफार ऐकू येतोच, आणि या दोन आवाजांतले अंतर वाढले की शब्द दुहेरी वाटू लागतात. पुढच्या रांगांत हा त्रास अधिक होतो, कारण तिथे मूळ आवाज लवकर पोचतो. म्हणून थेट कार्यक्रमासाठी कमी विलंबाची मांडणी निवडावी. दुभाष्याच्या आवाजाला मूळ आवाजाशी मिलिसेकंदात जुळायचे नसते, तिथे भरवशाची मांडणी चालेल.

खरेदी करताना खोक्यावर ‘ब्लूटूथ 5.2’ किंवा ‘5.3’ लिहिलेले पाहून निश्चिंत होऊ नये. ध्वनिप्रवाहाची ही सोय त्या आवृत्त्यांत ऐच्छिक आहे, तेव्हा ‘एलई ऑडिओ’ किंवा ‘ऑराकास्ट’ हे शब्द स्वतंत्रपणे तपासावेत आणि श्रवणयंत्राच्या बाबतीत ऑडिऑलॉजिस्टला विचारून घ्यावे. शिवाय प्रेक्षकाच्या फोनलाही ब्रॉडकास्ट शोधता आले, तर बरे. छोट्याशा श्रवणयंत्राने स्वतः हवेत शोध घेत बसण्यापेक्षा फोनने शोध घ्यावा आणि जोडणीवरून त्याला पत्ता द्यावा, अशी रीत या तंत्रात आहे. त्यामुळे श्रवणयंत्राची बॅटरी वाचते. म्हणजे अशा वेळी ब्रॉडकास्ट ऐकणाऱ्याच्या खिशातही एक कनेक्टेड दुवा असतो.

बैठक खाजगी असेल, तर ब्रॉडकास्टला सोळा बाइटांपर्यंतचा संकेत लावता येतो. हा संकेत सर्वांचा एकच असतो, त्यामुळे एखाद्या माणसाचा प्रवेश तेवढा काढून घेता येत नाही. संकेत बदलून प्रवाह नव्याने सुरू करावा लागतो आणि इतर सगळ्यांनाही नवा संकेत द्यावा लागतो. प्रत्येक बैठकीला नवा संकेत ठेवावा आणि तो दारातच कागदावर द्यावा.

शेवटी जागेची चाचणी करावी. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी माणसांच्या शरीरात शोषल्या जातात, म्हणून प्रक्षेपक, म्हणजे ब्रॉडकास्ट पाठवणारे यंत्र, डोक्यांच्या उंचीवर न ठेवता त्याहून वर, रंगमंचाच्या बाजूला बसवावा. रिकाम्या सभागृहातील चाचणीवर विसंबू नये, कारण माणसे बसल्यावर चित्र बदलते आणि पोच नसल्यामुळे कोपऱ्यातल्या खुर्चीवर आवाज तुटतो आहे, हे प्रक्षेपकाला कधीच कळणार नाही. कार्यक्रम भरात असताना एका माणसाने ब्रॉडकास्ट ऐकण्याचे यंत्र कानाला लावून मागच्या रांगा, बाल्कनीखालचा भाग आणि खांबांमागच्या जागा फिरून ऐकाव्यात, आणि जिथे आवाज तुटेल तिथले खुर्चीक्रमांक टिपून घ्यावेत.