मिरवणुकीचे वॉकी-टॉकी: आदल्या संध्याकाळपासूनची तयारी

अनंत चतुर्दशीच्या सकाळी सेट वाटायला घेतले की कुणीतरी ओरडतंच, "अरे, याला चार्जिंगच नाही!" म्हणून ही तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू करायची. पुण्यातली मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते, आणि खोक्यावर छापलेले तास बहुतेक वेळा ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के सेट नुसता चालू, या हिशोबाचे असतात. लक्ष्मी रस्त्यावर एवढा गप्प राहणारा कार्यकर्ता मी तरी पाहिला नाही. तेव्हा सेटमागे एक जादा बॅटरी हवीच, आणि प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी लावून नंबर.

सेट आणतानाच एक बघून घ्या. आपल्याकडे परवान्याशिवाय मुभा आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या सेटना, तेही सरकारी मान्यता असलेल्या. हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारा स्वस्तातला सेट दाखवून "यावर पोलिसांचंही ऐकू येतं" असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर तो तिथेच परत करा. ऑनलाइन विक्रीतल्या असल्या सेटबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये नियमावलीही काढली आहे.

आता चार्जिंग; खरी गडबड इथेच होते. आधी प्रत्येक बॅटरी सपाट फरशीवर ठेवून बोटाने गिरकी द्या. चांगली बॅटरी जागच्या जागी अडते, फुगलेली भिंगरीसारखी फिरते. फिरली की बाद. ती दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. बाकीच्यांचे पितळी ठिपके कोरड्या फडक्याने पुसा, तिथे गुलाल बसलेला असतो. चार्जर ज्या सेटचा त्याच सेटला. सेट बंद करून चार्जरमध्ये ठेवायचा आणि तिथे असताना बोलायचं बटण दाबायचं नाही. जागा कोरड्या टेबलावर. सतरंजीवर नको, फ्लेक्सच्या गठ्ठ्यावर तर नकोच. उन्हात तापलेली किंवा पावसात भिजलेली बॅटरी लगेच लावू नका. लिथियमच्या बॅटरीला शून्याखाली आणि ४५ अंशांच्या वर चार्जिंग सोसत नाही, आणि बंद गाडीत ४५ सहज होतात.

एका वर्षी आम्ही शहाणपणा करून रथाच्या जनरेटरवरच चार्जर लावले. मध्यरात्री मोठे दिवे एकदम बंद केले, व्होल्टेज उसळलं आणि दोन चार्जर जळके वास सोडून गप्प झाले. तेव्हापासून मार्गावरच्या एका कार्यकर्त्याच्या घरी चार्जिंग होतं आणि एक मुलगा पिशवीतून बॅटऱ्या ने-आण करतो. सुट्या बॅटऱ्या पिशवीत, प्रत्येकीला टोपण किंवा वेगळी प्लॅस्टिकची पुडी. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकली आणि ठिपके जोडले गेले की मांडीला चटकाच.

हातात देताना अँटेना पिळून घट्ट आहे ना ते बघा. अँटेनाशिवाय बटण दाबलं की बाहेर न गेलेली ताकद उलटी फिरते आणि आतला भाग जाळू शकते. अँटेनाला धरून सेट झुलवायचा नाही, बोलताना ती डोळ्यासमोरही नको.

ढोल-ताशात ओरडून उपयोग नाही, ओरडलेलं नुसतं फाटतं. पथकाकडे पाठ करा, सेट तोंडापासून दोन-तीन बोटं लांब, बटण दाबून मनात 'एक' म्हणा आणि मग बोला. नाहीतर सुरुवात तुटते आणि "नका थांबवू"मधलं "थांबवू" एवढंच पोचायचं. इअरफोन एकाच कानात. आवाज आधी पूर्ण कमी करून मग कानात घाला, दुसरा कान दोर धरणाऱ्यांसाठी मोकळा.

जनरेटरमध्ये इंधन भरताना किंवा प्रसादाच्या स्वयंपाकात गॅसचा वास येत असताना तिथे बटण दाबू नका, बॅटरीही बदलू नका, लांब जा. पाऊस आला तर सेटवर पातळ पिशवी. हौदात पडलाच तर आधी बॅटरी काढा, चालू करून बघायचा मोह टाळा.

परत आल्यावर सेट वर्षभर पूर्ण भरून ठेवायचे नाहीत. बॅटऱ्या साधारण निम्म्या चार्जवर, सेटमधून काढून, थंड कपाटात ठेवायच्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायच्या. नंबर पाच दरवर्षी कुणाच्या तरी खिशातून घरी जाते. ती आधी मागून घ्या.