ओस्सोबुको: आच मंद ठेवा, कुकर कपाटातच राहू द्या

मिलानचा ओस्सोबुको म्हणजे वासराच्या पायाच्या नळीचे आडवे काप, मधे हाड, हाडात मज्जा. मटणाच्या नळीचंही छान होतं, फक्त मग त्याला हे नाव लावू नका.

काप 4 सेंटिमीटर जाड घ्या. कडेच्या पांढऱ्या पापुद्र्याला दोन-तीन ठिकाणी कात्री लावा, नाहीतर गरम होताच तो आकसतो आणि काप द्रोणासारखा वाकडा होतो. मैदा लावून लोण्यात दोन्ही बाजूंनी तांबूस करा, कांदा परता, व्हाइट वाइन आटवा, काप अर्धे बुडतील इतका गरम स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घाला. टोमॅटो नको, जुन्या पद्धतीत तो नाहीच. मिलान महापालिकेने 2007 मध्ये या पदार्थाला शहराचा खास पदार्थ म्हणून मान्यता दिलीये, तरी लोक लालभडक रस्सा करतातच.

आता खरी गोम. झाकण ठेवलं की आच इतकी कमी करा की एखाद-दुसराच बुडबुडा वर यायला हवा. नळीच्या मांसात कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारं प्रोटीन, भरपूर; ते सावकाश विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटतो, पण त्याला दीड ते दोन तास लागतात. तासाभराने टोचून बघाल तर मांस चिवट लागेल आणि इथेच सगळे घाबरून गॅस वाढवतात, रस्सा खदखदायला लागतो, मांसातलं पाणी पिळून निघतं आणि हाती येतो कोरडा दोरा. वाढवू नका! कुकरच्या शिट्ट्या काढा म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका, मांस हाडापासून सुटतं आणि मज्जा रस्श्यात सांडते, मग उरलं काय? उलटायचं एकदाच, रुंद कालथ्याने. काटा सहज आत गेला की झालं.

शेवटी वरून भुरभुरायला ग्रेमोलाता: बारीक चिरलेलं मिश्रण, त्यात लिंबाची किसलेली साल, लसूण, पार्स्ली. सालीचा पांढरा भाग आला की कडू होतं. सोबत केशराचा रिसोत्तो, म्हणजे इटलीचा मऊसर, लोणी घातलेला भात.

पोषणाचं म्हणाल तर शिजलेल्या नुसत्या मांसात 100 ग्रॅमला साधारण 30 ग्रॅम प्रोटीन, शिवाय बी12 आणि झिंक, चरबी बेताचीच. मज्जा मात्र जवळजवळ सगळी चरबी. रस्श्यात हाडातलं कॅल्शियम उतरतं म्हणतात, ते नगण्य असतं. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन (शरीराला अन्नातूनच मिळवावं लागणारं एक अमिनो आम्ल) नसतं, त्यामुळे नुसता रस्सा पिऊन प्रोटीन झालं असं समजू नका, मांस खा. आणि कॅलरीज मोजत असाल तर मांसाआधी रिसोत्तोतलं लोणी बघा.