तुरुंगातलं पुस्तक वाचायला घेताय? आधी कागद कुठून आला ते बघा

तुरुंगातल्या आठवणी किंवा डायरी पहिल्यांदाच वाचणार असाल तर आधी एवढं शोधा, ते आत बसून लिहिलंय की सुटल्यावर? यावरून वाचायची पद्धतच बदलते.

सावरकरांचं 'माझी जन्मठेप' सुटल्यावरचं, आलं १९२७ ला. अंदमानात लिहायला कागदच मिळत नव्हता, कविता भिंतीवर कोरायच्या आणि पाठ करून ठेवायच्या. म्हणजे सगळं आठवणीतून आलेलं, त्यात रोजच्या नोंदी शोधत बसू नका, इतक्या वर्षांनी माणसाला नेमकं काय आठवलं ते बघा. टिळकांचं उलट. 'गीतारहस्य' काही डायरी नाही, पण १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगातच लिहिलेलं, शाई नाही, फक्त पेन्सिल, सुटे कागद नाहीत, पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या. सुटले तेव्हा त्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या, परत मिळाल्या त्या नंतर. आत लिहिलेलं काहीही वाचताना हे डोक्यात ठेवा की हे आधी सरकारी माणूस वाचणार, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असायचं.

मग एकाच तुरुंगातली दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, माझ्या मते यासारखी दुसरी पद्धत नाही. आपला नगरचा किल्लाच घ्या ना. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद सगळे एकत्र आत. नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हजारो वर्षांचा पट. आणि त्याच भिंतींच्या आत आझाद उर्दूत मित्राला पत्रं लिहीत होते, पाठवायची सोय नव्हती तरी लिहीत होते, तेच पुढे १९४६ ला 'गुबार-ए-खातिर' म्हणून आलं. त्यात पहाटे उठून स्वतः केलेला चहा आहे, खोलीत घुसणाऱ्या चिमण्या आहेत, त्यांना दाणे टाकून टाकून हातावर बसायची सवय कशी लावली ते सगळं आहे. नवीन माणसाने हेच आधी घ्यावं, आणि घाई नको, दिवसाला एकच पत्र.

अजून एक सवय लावा, प्रत्येक पत्राची तारीख समासात लिहायची आणि तेव्हा बाहेर काय चाललं होतं ते शेजारी. ११ एप्रिल १९४३ च्या पत्रापाशी याचा खरा उपयोग होतो. दोनच दिवसांपूर्वी कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम गेल्या होत्या, आजारपणात भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला आझादांनी साफ नकार दिला होता. हे आधी माहीत करून घ्या, मग ते पत्र सावकाश वाचा. शेवटी ते आवारातल्या एका जुन्या कबरीबद्दल लिहितात, कोणाची ते माहीत नाही, येता-जाता शेकडो वेळा दिसलेली, पण आता बघितलं की तिच्याबद्दल वेगळीच माया वाटायला लागलीय.