सौरऊर्जेसाठी जागा कशी निवडावी आणि त्या कामात एआयवर किती विसंबावे

सौरविजेला इंधन लागत नाही, पण जागा लागते. गच्चीवर १ किलोवॉटच्या संचासाठी सुमारे १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा धरावी लागते आणि जमिनीवर १ मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा तर साधारण ४ ते ५ एकर. ठाण्याच्या पाठीशी येऊरचे डोंगर, नवी मुंबईच्या पाठीशी पारसिकची रांग आणि दोन्ही शहरांच्या मध्ये खाडी, अशा चिंचोळ्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हा हिशोब फार काळजीने केला पाहिजे. त्यासाठी क्रम पक्का ठेवावा: आधी इमारतींच्या गच्च्या, मग कारखान्यांची छपरे आणि वाहनतळ, आणि ते सगळे अपुरे पडले तरच मोकळी जमीन. अलीकडे सोसायट्यांच्या कार्यकारिणी आणि जमीनमालक या निर्णयासाठी एआयचा सल्ला घेऊ लागले आहेत. तो जरूर घ्यावा, मात्र कोणता प्रश्न त्याला विचारायचा आणि कोणता नाही, हे आधी ठरवून घ्यावे.

गच्चीपासून सुरुवात

सोसायटीने प्रथम मागच्या बारा महिन्यांची सामाईक वीजबिले समोर ठेवावीत. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचा वापर वर्षाला किती युनिट होतो, त्यावरून संचाचा आकार ठरतो. आपल्याकडे १ किलोवॉटचा संच वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो, म्हणजे २० किलोवॉटच्या संचाकडून २८,००० युनिटांची अपेक्षा धरता येते आणि त्याला २,००० चौरस फूट जागा लागते. ही सरासरी वर्षाची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन एप्रिल-मेच्या निम्म्यापर्यंत उतरू शकते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या एका महिन्याचा आकडा बारा पट करून दाखवणाऱ्या ठेकेदाराचे कोटेशन बाजूला ठेवावे.

पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षे असते. इमारत चार-पाच वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल, तर खर्च वसूल होण्याआधीच संच उतरवावा लागेल. वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत हा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. इमारत टिकणार असेल तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग आधी पूर्ण करावे, कारण सांगाडा उभा राहिल्यावर त्याखालची गळती शोधणे फार कष्टाचे होते. सांगाड्याचे वजन आणि पावसाळी वाऱ्याचा जोर इमारत पेलेल की नाही, याचा निर्वाळा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावा आणि सर्वसाधारण सभेचा ठराव करूनच पुढे जावे.

सावलीची पाहणी हा या कामाचा गाभा आहे आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. ठाण्यात मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्या दिवसांत दुपारी गच्चीवर गेलेल्या माणसाला सगळी गच्ची मोकळीच दिसणार. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र दुपारीही सावली वस्तूच्या उंचीइतकी पडते आणि सकाळी नऊच्या ठोक्याला ती उंचीच्या जवळपास अडीच पट असते. १० फूट उंचीच्या पाण्याच्या टाकीची सावली तेव्हा २४-२५ फूट लांब, वायव्येकडे पसरते. एकाच मालिकेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर जरी सावली आली, तरी त्या साऱ्या मालिकेचे उत्पादन घटू शकते. म्हणून डिसेंबरमध्ये सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखाव्यात आणि त्या रेषांबाहेर उरलेल्या जागेतच पॅनेल मांडावीत. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला शेजारच्या भूखंडावर टॉवर येऊ घातला असेल, तर त्याची मंजूर उंचीही विचारून घ्यावी.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांची छपरे हे आपल्या भागाचे मोठे धन आहे. तिथे सिमेंटचे पत्रे ठिसूळ असल्याने त्यांवर पॅनेल बसवू नयेत. लोखंडी पत्रे असतील तर खालच्या कैच्या, म्हणजे छपर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, तपासून घ्याव्यात.

एआयला काय विचारावे

बिलांतले युनिट, गच्चीवर प्रत्यक्ष मोजलेली जागा आणि आलेली कोटेशने दिली, तर एआय आकडेमोड चांगली करून देते. प्रत्येक पायरी मांडून दाखवायला सांगावे आणि दोन-चार गुणाकार स्वतः पडताळावेत. ठेकेदाराला विचारायच्या प्रश्नांची यादी किंवा महावितरणला द्यायच्या पत्राचा मसुदा यांसाठीही ते उपयोगी पडते.

योजना आणि नियम यांबाबत मात्र त्याच्या उत्तरावर सही करू नये. त्याची माहिती एका तारखेपर्यंतची असते आणि जुना नियमही ते आजचा असल्यासारखा ठामपणे सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका घराच्या संचासाठी कमाल ७८,००० रुपये अनुदान ठेवले गेले, तर सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटमागे १८,००० रुपये. या दोन्हींची उत्तरात सरमिसळ झाली, तर २० किलोवॉटच्या संचाचा ३ लाख ६० हजारांचा हिशोब ७८ हजारांवर येतो आणि सभेपुढे चुकीचा प्रस्ताव जातो. अनुदान आणि नेट मीटरिंगचे (जादा सौरवीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याचे) चालू नियम योजनेच्या अधिकृत पोर्टलवर आणि महावितरणच्या कार्यालयातच पाहावेत.

एआयचा स्वतःचा भारही या हिशोबात धरला पाहिजे, कारण ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरे उभी आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. अहोरात्र १ मेगावॉट खेचणाऱ्या केंद्राला वर्षाला ८७ लाख ६० हजार युनिट लागतात आणि १ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुमारे १४ लाख देतो. म्हणजे तेवढ्या विजेसाठी ६ मेगावॉटहून मोठा प्रकल्प, २५ ते ३० एकर जमीन आणि वर रात्रीची वेगळी सोय इतके सगळे लागते.

मोकळी जमीन निवडताना

‘कोणती जागा रिकामी आहे?’ हा प्रश्न एआयला विचारूच नये, असे माझे ठाम मत आहे. उपग्रहाचे चित्र ओहोटीच्या वेळचे असेल, तर खाडीकाठचा चिखल उजाड मैदानासारखा दिसतो. भरतीला तिथे पाणी असते आणि हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चरतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. कांदळवने आणि त्यांच्या कडेचा ५० मीटरचा पट्टा विचारातच घेऊ नये.

मुरबाड-शहापूरकडची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीनही चित्रात पडीक ठरते. प्रत्यक्षात तिथे नाचणी-वरी होते, गुरांचा चारा कापला जातो आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे रोपवाटिकेची जमीन भाजून तयार करायला, लागणारा पालापाचोळा तिथूनच येतो. त्यासाठी सातबारा नीट वाचावा. पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेले क्षेत्र वापरात नाही असे गृहीत धरू नये, ‘इतर हक्क’ या रकान्यातली प्रत्येक नोंद समजून घ्यावी, गाव नकाशावरून पाणंद आणि ओहोळ कुठून जातात ते पाहावे आणि मग भर पावसात एकदा व उन्हाळ्यात एकदा, त्या जमिनीवर गुरे नेणाऱ्यांबरोबर फिरून यावे. पाड्यावरच्या बायामाणसांना विचारल्यावाचून ही पाहणी पूर्ण होत नाही.

एवढे करूनही जमीन योग्य ठरली, तर भाडेकरार बारकाईने करावा. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरवली गेली होती. खाजगी प्रस्तावाची तुलना त्याच्याशी करावी. पॅनेल उंचावर बसवून खाली चारा किंवा सावली सोसणारे हळदीसारखे पीक घेऊ द्यावे, पावसाचे पाणी शेजारच्या खाचरांत पूर्वीसारखेच उतरू द्यावे आणि मुदत संपल्यावर सांगाडे, तारा व जमिनीतले काँक्रीट कंपनीनेच स्वखर्चाने काढून न्यावे, ही तीन कलमे करारात लिहून घ्यावीत. तिसऱ्या कलमासाठी अनामत रक्कम सुरुवातीलाच बँकेत ठेवून घ्यावी, कारण २५ वर्षांनी तीच कंपनी त्याच नावाने असेलच असे नाही.