मोडी कागदांना लागलेली कसर कशी घालवली (माझा अनुभव)

आमच्या गावचं इतिहास मंडळ आणि छोटं संग्रहालय आम्ही सातआठ जण नोकऱ्या सांभाळून चालवतो. पावसाळ्यात मोडी कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) सोडला तर कडेनं बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा, जीवच कळवळला!

औषध फवारलं नाही, शाई फुटते. रुमाल जाड प्लास्टिक पिशवीत हवा काढून पॅक केला आणि आईस्क्रीमवाल्या काकांच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे ठेवला. महत्त्वाचं म्हणजे बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर कागदावर दव धरतं. मग मऊ ब्रशनं भुगा झाडला, नवीन धुतलेल्या मांजरपाटात बांधला, कपाट भिंतीपासून लांब सरकवलं. आता दर महिन्याला सोडून बघतो, नवीन भुगा नाही.