स्मार्ट स्पीकर नेमके केव्हा ऐकतो?
अ‍ॅमेझॉन इकोसारखा स्मार्ट स्पीकर, म्हणजे बोलून दिलेल्या सूचना पाळणारा स्पीकर, सतत कान देऊन असतो हे खरे. मात्र ‘अलेक्सा’ ही हाक तो स्वतःच ओळखतो आणि त्यानंतरचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो, तेव्हा त्यावर निळा दिवा लागतो. टीव्हीवरील जाहिरातीत तेच नाव आले तरी तो फसू शकतो (आणि मग भलत्याच वेळी उत्तर देतो), म्हणून तो टीव्हीपासून दूर ठेवावा किंवा मोबाइलवरील त्याच्या अ‍ॅपमधून हाकेचा शब्द बदलावा. खासगी बोलणे चालू असताना मायक्रोफोनचे बटण दाबावे. लाल दिवा म्हणजे मायक्रोफोन बंद. साठलेली ध्वनिमुद्रणे अ‍ॅपच्या गोपनीयता विभागातून पुसता येतात. घरात लहान मुले असल्यास आवाजावरून होणारी खरेदी पहिल्याच दिवशी बंद करावी.